‘तंबाखू खात न्हाई’ म्हणालेल्या मावशीची दाढ : एका केसची पूर्ण हकीकत

कर्नाटकात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या निपाणीत माझं मेडिकलचं दुकान आहे आणि दाढदुखी हा आमच्याकडं रोजचा विषय. रात्री साडेनऊला शटर अर्धं खाली ओढलेलं असतं, कुणीतरी गालाला हात लावून वाकून आत बघतो, "दाढ लई ठणकालिया, एक गोळी द्या की", आणि आपण देतो. तो माणूस सकाळी डॉक्टरकडं जातो का नाही हे आपल्याला कधी कळत नाही. ही केस मात्र पहिल्या दिवसापासनं शेवटपर्यंत डोळ्यासमोर घडली कारण पेशंट माझी सख्खी मावशी होती, आणि आधीच सांगून टाकतो, ह्यात एक मोठी चूक माझी स्वतःची आहे, ती मधे येईलच.

मावशीचं वय ५८. लग्न होऊन आल्यापासनं विड्या वळते, आता डोळ्यांनी साथ सोडली म्हणून कमी केलंय खरं बसून राहवत नाही, सूप मांडीवर असतंच. शुगर सहा वर्षांची, मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ, बीपीला टेल्मिसार्टन ४०. रक्त पातळ करायची गोळी चालू नाही, हाडं ठिसूळ झाल्यावर देतात ती आठवड्याची गोळी पण नाही. ह्या दोन गोष्टी डॉक्टरांनी दाढ काढायच्या आधी विचारल्या होत्या आणि त्या विचारायलाच पाहिजेत, कारण पहिलीनं रक्त थांबायला वेळ लागतो आणि दुसरीमुळं कधीकधी जबड्याचं हाडच भरून येत नाही. (आणि लोक काय करतात, दाढ काढायची म्हणून ॲस्पिरिन आपल्या मनानंच आठ दिवस आधी बंद करून बसतात. करू नका. ज्यांनी हृदयासाठी गोळी लिहिलीय त्यांना विचारल्याशिवाय ती बंद करायची नाही.)

दाढ खालची, डावीकडची, शेवटून दुसरी. दोन वर्षं कीड, मधे एकदा सिमेंट भरलं ते पडलं, मग नुसतं कवच उरलं. मावशीचा उपाय म्हणजे लवंग, आणि अगदीच जास्त झालं तर शेजारच्या काकींनी सांगितलेला तंबाखूचा बार, दाढेत दाबून धरायचा, बधिर होतं. शेवटी एका सोमवारी वहिनी, म्हणजे मावशीची सून, तिला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर तरुण, कन्नड घरातला, मराठी मोडकी खरं माणूस चांगला. त्यानं सगळं विचारलं. शुगर? हाय. बीपी? हाय. कुठल्या औषधाची ॲलर्जी? न्हाई. तंबाखू खाता? न्हाई.

हे शेवटचं ‘न्हाई’ मावशी खोटं बोलली नाही. तिच्या लेखी ती तंबाखू खात नाहीच. तंबाखू म्हणजे चुना लावून हातावर मळून ओठात ठेवायची ती, पुरुषांची. ती जी दिवसातनं चार-पाच वेळा लावते ती मशेरी. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची, बोटावर घेऊन हिरड्यांवर घासायची, पंधरा-वीस मिनिटं तोंडात धरायची आणि मग अंगणाच्या कडंला जाऊन थुंकायची. हे ‘दात घासणं’ आहे. तिची आई करायची, सासू करायची. आणि आपलं गाव निपाणी, वखारींचा वास नाकात घेऊनच इथली पोरं मोठी होतात, १९८१ ला शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी तंबाखूच्या भावासाठी हायवे अडवला तेव्हा मावशी शाळकरी पोर होती आणि ती गोष्ट अजून सांगते. अशा गावात "तंबाखू खाता का" हा प्रश्न किती पोकळ आहे हे मला ह्या केसनं शिकवलं.

सोमवार ते बुधवार

दाढ सुटसुटीत निघाली नाही. मधेच तुटली, एक मूळ वेगळं काढावं लागलं, सगळं मिळून पाऊण तास. कापसाची घडी दाबून धरायला सांगितली, अर्धा-पाऊण तास, न उघडता. गोळ्या लिहून दिल्या: अमॉक्सिसिलिन ५०० हे अँटिबायोटिक दिवसातनं तीनदा पाच दिवस, आणि दुखण्यावर एसिक्लोफेनॅक अन पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ. शिवाय एक छापील कागद. कागदाच्या एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला इंग्लिश. मावशी कन्नड बोलते, बाजारात भाजीवाल्याशी भांडण्याइतकं छान बोलते, खरं वाचता येत नाही. वहिनी माहेरची गडहिंग्लजची, तिला तर ते पण नाही. कागद घडी होऊन पिशवीत गेला.

मी नंतर तो वाचला, शाळेत कन्नड सक्तीनं शिकल्याचा एवढा तरी उपयोग. त्यात सगळं बरोबर लिहिलेलं: २४ तास चूळ भरू नका, उगुळबेडि म्हणजे थुंकू नका, स्ट्रॉनं पिऊ नका, गरम नको, आणि होगेसोप्पु, सिगरेट, गुटखा बेड. होगेसोप्पु म्हणजे तंबाखू. म्हणजे कुणी वाचून दाखवलं असतं तरी मावशी म्हणाली असती, मी कुठं खाते.

थुंकू नका ह्याच्या मागचं कारण कळलं की माणूस पाळतो, नुसता नियम सांगितला की नाही पाळत, म्हणून सांगतो. दाढ निघाली की जो खड्डा उरतो त्यात रक्त गोठून जेलीसारखा गोळा बसतो. तो घाण नाही, तो खालच्या उघड्या हाडावरचं आणि नसांवरचं झाकण आहे, त्याच्यातनंच पुढं नवीन मांस भरतं. पहिले दोन-तीन दिवस तो गोळा फार कच्चा असतो. जोरात चूळ भरली, थुंकलं, ओढून प्यायलं की तोंडात ओढ तयार होते आणि गोळा सुटू शकतो. तंबाखूतल्या निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, खड्ड्याला रक्त कमी पोचतं. आणि दाढ काढताना जास्त खटपट झाली असेल, म्हणजे मावशीसारखी तुटून निघाली असेल, तर गोळा बसला तरी आतल्या आत लवकर विरघळायची शक्यता जास्त.

सोमवारी संध्याकाळी थुंकी लाल येत होती म्हणून मावशी घाबरून दर पाच मिनिटाला थुंकत होती. लाळेत दोन थेंब रक्त मिसळलं तरी तोंडभर लाल दिसतं, ते पहिल्या दिवशी चालतंच. खरंच वाहत असेल, तोंड भरून येत असेल, तर स्वच्छ घडी करून त्याच जागेवर अर्धा तास घट्ट चावून धरायची, आणि तरी थांबलं नाही तर रात्र असली तरी जायचं. मावशीचं तसं काही नव्हतं. वहिनीनं गालावरनं बर्फ लावला, आंबील गार करून दिली, उशी उंच केली. एवढं सगळं चांगलं केलं आणि मावशीनं सात वाजता गरमागरम चहा बशीतनं फुरफुर ओढून घेतला.

मंगळवारी सकाळी दुखणं कमी होतं. आणि मंगळवारी सकाळीच मशेरीची डबी बाहेर आली. हे आम्हाला शनिवारी कळलं. "उजव्या बाजूनंच लावली की रं," म्हणे. बुधवारी ती दहीभात खाऊन विड्या वळत बसली होती, सगळ्यांना वाटलं सुटलो.

गुरुवारची रात्र आणि माझी चूक

गुरुवारी रात्री नऊला ती स्वतः दुकानात आली, डोक्याला पदर गच्च बांधलेला. "कानात ठणकालंय रं. दाढंत न्हाई, कानात. आणि हिकडं कानशिलात. सोमवारी एवढं नव्हतं." तोंडाला वास येत होता, काउंटरच्या अलीकडं मला येत होता. मी काय केलं? मी तिला तोंड उघडायला सांगितलं नाही. मोबाइलचा टॉर्च हातात होता तरी नाही. मनात एकच शब्द आला, इन्फेक्शन, त्यात शुगर, आणि मी अमॉक्सिक्लॅव ६२५ अन मेट्रोनिडाझोल ४०० ह्या अँटिबायोटिकच्या गोळ्या काढून दिल्या. दोन्ही चिठ्ठीशिवाय द्यायच्या नसतात, ते तर आहेच. त्याहून वाईट म्हणजे तिचा अमॉक्सिसिलिनचा कोर्स आधीच चालू होता, आणि अमॉक्सिक्लॅवमध्ये पण तेच औषध असतं, वर क्लॅव्हुलॅनिक ॲसिड. मी तेच औषध दुप्पट केलं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ६५० ची एक स्ट्रिप पण दिली, "लागली तर घे".

तिला लागलीच. शनिवारी मी स्ट्रिपा मोजल्या तेव्हा मलाच घाम फुटला. चोवीस तासात तिनं डॉक्टरची जोडगोळी दोनच्या ऐवजी चार घेतलेल्या आणि माझ्या ६५० च्या चार. जोडगोळीत पॅरासिटामॉल ३२५ असतं, म्हणजे चार गोळ्यांचं १३००, आणि ६५० च्या चार म्हणजे २६००. एकूण ३९०० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४०००. एसिक्लोफेनॅकची मर्यादा दिवसाला २००, तिनं घेतलेलं ४००, आणि ते पण टेल्मिसार्टन चालू असताना, जे दोन्ही मिळून किडनीवर ताण देतात. तिला वाटत होतं दोन वेगवेगळ्या गोळ्या आहेत. नावं वेगळी, रंग वेगळा, स्ट्रिपमागची बारीक अक्षरं कोण वाचणार.

शुक्रवारी जुलाब सुरू झाले. ठणका तसाच. शेजारच्या काकींनी लवंगेचं तेल आणून दिलं, मावशीनं कापसाचा बोळा पिळून न घेता चिंब भिजवून खड्ड्यात कोंबला आणि रात्रभर ठेवला. लवंगेच्या तेलात युजेनॉल म्हणजे बधिर करणारं द्रव्य असतं, डॉक्टर पण तेच वापरतात, म्हणून लोकांना वाटतं घरचंच बरं. खरं डॉक्टर ते मोजून, पेस्टमध्ये किंवा पट्टीवर घेऊन वापरतात. नुसतं तेल कातडीला जाळतं. सकाळी गालाच्या आत पांढरा पापुद्रा सुटलेला. कुणी हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी धरतात त्यांचं पण असंच होतं.

शनिवार

शनिवारी मी दुकान पोराकडं सोपवलं आणि स्वतः गेलो. डॉक्टरनं आधी ताप बघितला, ९८.४. जबड्याखाली, गळ्याला बोटं लावून गाठी बघितल्या. तीन बोटं उभी आत जातील इतकं तोंड उघडतं का बघितलं, उघडत होतं. गिळायला त्रास? नाही. गाल बाहेरनं सुजलाय? नाही, सोमवारपेक्षा कमीच. ह्या सगळ्या ‘नाही’ महत्त्वाच्या होत्या, ते मला तो बोलला तेव्हा लक्षात आलं: पू आणि ताप असलेलं इन्फेक्शन असतं तर सूज वाढायला पाहिजे होती, इथं दुखणं वाढलंय आणि सूज उतरलीय.

मग आरसा घातला आणि मला बघायला बोलावलं. खड्डा रिकामा. लालभडक गोळा असायला पाहिजे तिथं करड्या रंगाचं काहीतरी, तळाला पिवळट पांढरं हाड दिसतंय, कडेला भाताचं शित अडकलेलं, आणि काळे काळे कण. "हे काळं काय?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, बहुतेक काळ्या तिळाची चटणी. वहिनी खाली मान घालून म्हणाली, "मशेरी असंल."

मावशी लगेच, "ती काय तंबाखू व्हय? दात घासायची हाय ती."

डॉक्टर दोन सेकंद गप्प बसला आणि कपाळाला हात लावला, रागानं नाही, ‘मी विचारलंच नाही की’ असा. तो हुबळीकडचा, त्याला मशेरी माहीत होती, पण त्याच्या छापील केसपेपरवर ‘तंबाखू, सिगरेट, दारू’ एवढीच चौकट होती.

ह्याला ड्राय सॉकेट म्हणतात. मराठीत सरळ सांगायचं तर खड्ड्यातलं झाकण गेलं आणि हाड उघडं पडलं. साध्या दाढा काढल्यावर शंभरात एक ते पाच जणांना होतो, खालच्या अक्कलदाढेला त्याहून कितीतरी जास्त. ठरलेली वेळ म्हणजे दाढ काढल्यापासनं साधारण दुसरा ते चौथा दिवस. आणि ओळखायची खूण एकच धरा: दाढ काढल्यावर दुखणं रोज थोडं थोडं उतरलं पाहिजे, उतरून परत चढलं आणि कानाकडं, कानशिलाकडं जायला लागलं, वर तोंडाला वास, तर ते ‘दाढ काढल्यावर दुखतंच की’ ह्यात बसत नाही. तंबाखू, सिगरेट, मशेरी हे कारण मोठं, अवघड निघालेली दाढ हे दुसरं, खालचा जबडा तिसरं, आणि बायकांमध्ये गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर थोडा धोका वाढतो, हे आमच्या दुकानात येणाऱ्या तरुण मुलींना मी आता सांगतो.

उपचार बघून मला जरा लाज वाटली, इतका साधा. आधी एक छोटा एक्सरे, मूळ आत राहिलंय का बघायला. नव्हतं राहिलं. मग कोमट सलाईन सिरिंजमध्ये भरून हळूहळू खड्डा धुतला, ट्रेमध्ये काळं पाणी आलं, शित आलं, दोन-तीनदा धुतल्यावर पाणी स्वच्छ यायला लागलं. खरवडलं नाही, रक्त काढलं नाही. मग युजेनॉल असलेली औषधी पट्टी चिमट्यानं आत ठेवली. मी घड्याळ बघितलं, वीस मिनिटंसुद्धा झाली नसतील, मावशीनं डोक्याचा पदर सोडला आणि म्हणाली, "च्या मिळंल काय?"

अँटिबायोटिक सगळी बंद केली. मी विचारलं, शुगर आहे, चालू नको का ठेवायला? तो म्हणाला ताप नाही, पू नाही, सूज नाही, गाठी नाहीत, हे जंतूंचं दुखणं नाही, उघड्या हाडाचं आहे, गोळीनं झाकण येत नाही. शुगर मात्र मोजा. दुकानात मोजली तर २१२, जेवून दोन तास झालेले. शुगर वर राहिली की कुठलीही जखम रेंगाळते म्हणून ती खाली आणणं हा पण उपचाराचाच भाग, त्यासाठी तिला नेहमीच्या फिजिशियनकडं पाठवलं. दुखण्याची जुनी जोडगोळी काढून टाकली, पॅरासिटामॉल ५०० वेळेवर दिवसातनं चारदा, आणि आयब्युप्रोफेन ४०० जेवल्यावर दिवसातनं दोनदाच, तीनच दिवस, बीपीची गोळी चालू आहे म्हणून, आणि पाणी भरपूर. ह्या दोन गोळ्या वेगवेगळ्या वाटेनं काम करतात म्हणून एकत्र दिल्या की दातदुखीला चांगल्या लागू पडतात, एकाच जातीच्या दोन देण्यात काही अर्थ नसतो. किडनीचा त्रास, अल्सर, दमा किंवा रक्त पातळ करायची गोळी असलेल्यांनी आयब्युप्रोफेन आपल्या मनानं घ्यायचं नाही.

निघताना त्यानं आणखी एक गोष्ट मला बाजूला घेऊन सांगितली, मावशीसमोर नाही. इतकी वर्षं मशेरी लावलेल्या तोंडात काढलेल्या दाढेचा खड्डा तीन आठवड्यांत भरून यायला लागला नाही, कडा उंच झाल्या, कडक लागल्या, तर ते ड्राय सॉकेट म्हणून सोडायचं नाही, तुकडा काढून कॅन्सर नाही ना हे तपासायला बेळगावला केएलईच्या डेंटल कॉलेजला पाठवणार. मी मान हलवली. घरी कुणाला सांगितलं नाही. पुढचे तीन आठवडे मी मावशीच्या तोंडात जेवढा टॉर्च मारला तेवढा आयुष्यात कुणाच्या तोंडात मारला नसेल.

पुढचे दिवस

पट्टी आत कायम ठेवायची नसते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दुखणं थांबलं म्हणून लोक परत जातच नाहीत आणि न विरघळणारी पट्टी आत राहिली तर तीच घाण धरते आणि जखम भरू देत नाही. मावशीला सोमवारी आणि बुधवारी बोलावलं, दोन्ही वेळा धुऊन नवीन पट्टी, तिसऱ्या वेळी शुक्रवारी नुसतं धुतलं. सोमवारी ठणका दहातला तीन होता (मीच विचारत होतो, "दहा पैकी किती?" तर ती म्हणायची "पंचवीस पैसं"). शुक्रवारी गोळी बंद.

घरी काय केलं तर पट्टी काढल्यानंतर प्रत्येक जेवणानंतर १० एमएलची सिरिंज, सुई काढून, कोमट मिठाच्या पाण्यानं, पेलाभर पाण्याला अर्धा चमचा मीठ, खड्ड्याच्या तोंडाशी धरून हळू सोडायची. गुळणी जोरात खुळखुळवायची नाही, मान वाकडी करून पाणी आपोआप पडू द्यायचं. क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश आठ दिवस सकाळ-संध्याकाळ, त्यानं दात जरा तपकिरी पडतात, मशेरीनं काळे झालेल्या दातांवर ते दिसणार नव्हतंच. खायला दहीभात, उप्पीट, दुधात कुस्करलेली भाकरी, सगळं उजव्या बाजूनं. मशेरीची तलफ घालवायला काकींनी बडीशेप सुचवली, ती पण बंद करायला लावली, बारीक दाणे सरळ खड्ड्यात.

तलफेचं मात्र हाल झाले. तीन-चार दिवस मावशी कुणाशी नीट बोलत नव्हती, डोकं दुखतंय, झोप नाही, शौचाला होत नाही, हे सगळं निकोटीन तुटल्याचं होतं आणि घरातले समजत होते दाढेचं. निकोटीनची चघळायची गोळी आमच्याकडं आहे खरं ताज्या खड्ड्यावर चघळणं आणि परत निकोटीनच, डॉक्टर नको म्हणाला. नुसत्या हट्टावर काढले तिनं ते दिवस. त्याचं श्रेय मी तिला पूर्ण देतो, कारण पन्नाशीच्या वर वय झालेल्या माणसाची रोजची पाच वेळची सवय एका शनिवारी सकाळी तोडायची म्हणजे काय हे बाहेरनं बोलणाऱ्याला कळत नाही.

मधे एका रात्री, मला वाटतं दुसऱ्या मंगळवारी, वहिनीचा फोन, "भावजी, गाल गरम लागतोय." मी गाडी काढून गेलो, ताप नव्हता, ती त्या कुशीवर झोपलेली होती. तरी मी वहिनीला भिंतीवर मराठीत लिहून दिलं, कॅलेंडरच्या मागं, आणि ते अजून तिथं आहे: ताप १०१ च्या वर गेला, गाल किंवा हनुवटीखाली सूज वाढायला लागली, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, आवाज बदलला, जीभ वर उचलल्यासारखी वाटली, दम लागला, तर मला फोन करत बसायचं नाही, सकाळची वाट बघायची नाही, ॲम्ब्युलन्स बोलावून सरळ मोठ्या हॉस्पिटलला. खालच्या दाढेचं इन्फेक्शन जिभेखालच्या भागात उतरलं की काही तासांत श्वास अडवू शकतं. ह्या दुखण्याला लुडविग्ज अँजायना म्हणतात, लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८३६ ला ते नीट लिहून ठेवलं. अँटिबायोटिक, सलाईन, प्रसंगी चिरा देऊन पू काढणं, हे सगळं त्या केसला लागतं, तिथं लवंग आणि पट्टी चालत नाही. म्हणजे गोळी कुणाला लागते आणि कुणाला नाही हा फरक तोंडात बघितल्याशिवाय काउंटरवरनं कळत नाही, आणि मी तो गुरुवारी रात्री कळल्यासारखा वागलो होतो.

बाराव्या दिवशी हाड दिसायचं बंद झालं, गुलाबी दाणेदार मांस वर आलं. एकविसाव्या दिवशी डॉक्टरनं बोट फिरवून कडा दाबून बघितल्या, मऊ. खड्डा वरनं बराच मिटलेला. आतलं हाड पूर्ण भरायला काही महिने लागतात, ते आपोआप चालू राहतं, त्याला काही करायचं नसतं. तुकडा तपासायची गरज नाही म्हणाला. मी बाहेर येऊन दोन मिनिटं गाडीवर नुसता बसलो. मावशीला वाटलं मला उन्हाचा त्रास झाला.

खर्चाचं म्हणाल तर एक्सरे आणि तीन वेळचं धुणं-पट्टी मिळून सगळं हजाराच्या आत. मी दिलेल्या अँटिबायोटिकचे पैसे मी तिच्याकडनं घेतलेच नव्हते, त्यामुळं परत द्यायचा प्रश्न आला नाही.

त्या डॉक्टरच्या केसपेपरवर आता पेनानं एक ओळ वाढवलेली आहे, कन्नडमध्ये आणि खाली वाकड्यातिकड्या मराठी अक्षरात: ‘मशेरी लावता का? दिवसातनं किती वेळा?’ मराठी अक्षर माझं आहे. दुकानात पण मी दाढ काढून आलेल्या बाईला पहिल्यांदा तोच प्रश्न विचारतो आणि तोंडात टॉर्च मारतो, आणि दहातल्या निम्म्यांना तरी गोळी न देता परत त्यांच्या डॉक्टरकडं पाठवतो. धंद्याला जरा मार बसतो. चालतंय.

मावशीचं म्हणाल तर सव्वीस दिवस डबीला हात लावला नाही. सत्ताविसाव्या दिवशी लावला, मला वहिनीनं सांगितलं, मावशीनं नाही. मी विचारलं तर म्हणाली, पहिल्यासारखं पाच वेळा न्हाई, एकदाच, येरवाळी. आणि उजवीकडची खालची दाढ आता हलालिया, ती काढायची आहे, डॉक्टरनं दिवाळीनंतरची तारीख दिलीय. "त्येच्या आधी आठ दिस सोडते की," म्हणाली. डॉक्टरनं सांगितलंय आधी एक आठवडा आणि नंतर निदान दोन आठवडे. आधीचं ती कबूल झालीय, नंतरच्या दोन आठवड्यांवर अजून बोलणं चालू आहे.